भोंडला आणि समेट, एकाच तिकिटात

'यंदा आपणही ते इंडिजिनसवाल्यांचं (म्हणजे कॅनडाच्या मूळनिवासींचं) काहीतरी करू या' असा ठराव मंजूर करून बसलेल्या टोरांटो परिसरातल्या तमाम मंडळांच्या तमाम पदाधिकाऱ्यांनो, तुमच्यासाठी अनुभवाचे चार बोल. मी मूळनिवासी आणि बाकीचा कॅनडा यांच्यातल्या समेटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत आउटरीच बघते. म्हणजे लोकांच्या दारात जाऊन 'जरा ऐकता का' म्हणते. आपली माणसं दार उघडतात, चहाही करतात. ऐकायचं मात्र पुढच्या खेपेला. (समेट हा शब्दही मला खटकतोच. दोन्ही बाजूंनी भांडण केलं होतं असं वाटतं. पण 'रिकन्सिलिएशन' म्हटलं की बँकेचं स्टेटमेंट जुळवणारे हिशेबनीस हसतात, म्हणून समेट.)

तर, पहिलं म्हणजे वक्त्याला बोलावण्याची घाई करू नका. कार्यक्रम ३० सप्टेंबरच्या आसपास असेल (मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवलं, त्यांच्या आठवणीचा हा दिवस, त्या दिवशी नारंगी शर्ट घालतात) तर सव्वीसला फोन करा, रात्री साडेनऊनंतर. त्या आठवड्यात प्रत्येक शाळा, प्रत्येक बँक, प्रत्येक ऑफिस त्याच मोजक्या मूळनिवासी वृद्धांच्या मागे लागलेलं असतं. पण तुमचं काम निराळं, तुमच्याकडे बटाटेवडे आहेत.

नारंगी शर्ट विकत आणू नका. ढोलपथकाचे उरलेले भगवे चालतात. पाठीवर 'मोरया' असलं म्हणून काय झालं? फिलिस वेबस्टॅड नावाची सहा वर्षांची मुलगी १९७३ साली आजीने घेतलेला नवा नारंगी शर्ट घालून निवासी शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी तो काढून घेतला गेला, वगैरे तपशिलात कोण जातंय.

भूमीबद्दलचं कृतज्ञतेचं निवेदन (ही जमीन मुळात कुणाची, ते सांगणारा पॅरेग्राफ) गूगलवरून उतरवून घ्या आणि ते वाचण्याचं काम ऐनवेळी सापडलेल्या सर्वात छोट्या मुलाकडे द्या. 'अनिशिनाबे' या मूळनिवासी समाजाच्या नावावर तो अडखळला की सगळे 'सो क्यूट' म्हणतात.

वक्त्याच्या स्वागताची फार काळजी करू नका. यंदाच्या आमच्या वक्त्या, म्हणजे आजी (मी त्यांना आजीच म्हणते), दोन तास गाडी चालवून आल्या. त्यांना चपला काढायच्या जागेशेजारी घडीच्या खुर्चीवर बसवलं होतं. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डफासारखं वाद्य. एका उत्साही स्वयंसेवकाने त्यांना विचारलं, "जेवणाचं कूपन घेतलंय का?" मी आधी कळवलं होतं की या बाजूच्या बऱ्याच समाजांमध्ये वडीलधाऱ्यांना बोलायची विनंती करताना कापडात बांधलेली चिमूटभर तंबाखू हातात देतात. उत्तर आलं, "मॅडम, स्टेजवर देवीचा फोटो आहे, तंबाखू नको." मग ती पुरचुंडी मीच पार्किंगमध्ये दिली. शाल-श्रीफळ मात्र झालं. शाल त्यांना मनापासून आवडली. नारळ हातात फिरवत त्यांनी मला हळूच विचारलं, "याचं काय करायचं असतं?" अख्ख्या संध्याकाळीत आम्ही दोघी तेवढ्याच हसलो.

वेळ द्या पाच मिनिटं. भोंडला संपल्यावर आणि खिरापत ओळखायच्या आधी.

मानधन देऊ नका. कॉफीच्या दुकानाचं पंचवीस डॉलरचं कार्ड द्या. मानही वाचतो, धनही.

आणि प्रश्नोत्तरं ठेवाच. कारण मागून एक काका उठणारच. यंदाही उठले. आजींनी नुकतंच सांगितलं होतं की सहाव्या वर्षी निवासी शाळेत त्यांचे केस कापले आणि नावाऐवजी नंबर दिला. काकांनी माइक घेतला आणि विचारलं, "बट यू पीपल डोन्ट पे टॅक्स, राइट?"

काका, आता ऐकाच. इन्कम टॅक्सची ती सूट रिझर्व्हवरच्या (म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या) कमाईपुरती आहे, तीसुद्धा १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टखाली 'स्टेटस', म्हणजे सरकारी नोंद, मिळालेल्यांना. मेटी आणि इनुइट हेही मूळनिवासीच, पण त्यांना तीही नाही. टोरांटोत नोकरी करणारा फर्स्ट नेशन्सचा (मेटी-इनुइट सोडून बाकीच्या मूळनिवासींचं हे नाव) माणूस तुमच्याइतकाच इन्कम टॅक्स भरतो. तुमच्यासारखा घरातल्या खोलीला ऑफिस दाखवून वाचवत असेल तर तोही तेवढाच वाचवतो. 'सगळं फुकट मिळतं' म्हणता? याच ऑन्टारिओत, उत्तरेला, नेस्कंटागा नावाची फर्स्ट नेशन्सची वस्ती आहे. तिथे १९९५ साली पाणी उकळून प्यायची सूचना लागली. त्या सूचनेखाली जन्मलेली मुलं स्वतः आईबाप झाली. तुम्ही बेसमेंटला पाण्याचा डाग दिसला तर रविवारी सकाळी नगरसेवकाला मेल करता. आणि जमिनीचं म्हणाल, तर ज्या टोरांटोत तुमचा कॉन्डो आहे त्या जमिनीच्या व्यवहारात १८०५ साली मिसिसॉगा या मूळनिवासी लोकांच्या हातावर १० शिलिंग टेकवले होते. त्यावरचा दावा मिटायला २०१० साल उजाडलं, १४.५ कोटी डॉलरवर. शेजारच्या शहराचं 'मिसिसॉगा' हे कुणा बिल्डरने सुचवलेलं नाव नाही हो, त्याच माणसांचं आहे!

शेजारच्या काकू म्हणाल्या, "जुनं झालं गं ते, उगाळायचं कशाला?" १७६१ चं पानिपत आपल्याला काल सकाळी घडल्यासारखं आठवतं. अजूनही काही वाईट झालं की आपण 'संक्रांत कोसळली' म्हणतो. आणि यांच्या शेवटच्या निवासी शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे तुम्ही पुण्यात सी-डॅकचा कोर्स करत होता तेव्हा, ते मात्र जुनं! दीड लाखावर मुलं गेली त्या शाळांमध्ये. १९२० साली तर मुलांना सक्तीने पाठवायचा अधिकारच सरकारने कायद्याने घेतला. कितीतरी मुलं परत आली नाहीत. आमच्या आजी परत आल्या होत्या आणि तुमच्यासमोर उभ्या राहून बोलत होत्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, खिरापत गार होतेय!"

त्यांनी वाद्य पिशवीतून काढलंच नाही.

'आम्ही तर कालपरवा आलो, आमचा काय संबंध?' हे तर मी दर आठवड्याला ऐकते. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने २०१५ साली सूचनांची ९४ कलमं मांडली. त्यातली शेवटची दोन नव्याने आलेल्यांसाठीच आहेत: त्र्याण्णवावं नागरिकत्वाच्या परीक्षेबद्दल, चौऱ्याण्णवावं नागरिकत्वाच्या शपथेबद्दल. शपथ २०२१ च्या जूनमध्ये बदलली. त्यानंतर नागरिक झालेल्या प्रत्येकाने फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी लोकांचे हक्क आणि त्यांचे करार मानणारी घटना पाळीन, असं हात वर करून म्हटलंय. झूमवर म्हटलं असेल, खाली पायजमा असेल, पण म्हटलंय. त्याचे फोटो फेसबुकवर टाकलेत, केक कापलाय. आणि संबंध काय म्हणून मला विचारता?

लाज वाटली मला. आजी परत जाताना काही बोलल्या नाहीत. शाल तेवढी पुढच्या सीटवर नीट घडी करून ठेवली आणि मला म्हणाल्या की अंधारात रस्त्यावर हरणं येतात, निघते.

आज सकाळी अध्यक्षांचा मेसेज आला. कार्यक्रम छान झाला, अंगठा, हात जोडलेले, पुन्हा अंगठा. आणि "दिवाळीलाही तो भूमीचा पॅरेग्राफ वाचायचाय, जरा छोटा करून पाठवाल का?"

नाही पाठवणार. स्वतः लिहा. कुणाची जमीन, कोणता करार, कोणतं साल, बसा आणि शोधा. आणि पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं असेल तर जूनमध्ये फोन करा, एक तास ठेवा, चेक तयार ठेवा, आणि ती बाई बोलत असताना तोंड बंद ठेवा. आमच्या आजी येणार नाहीत. मी त्यांना विचारणारही नाही.