‘आयता मोठा झालेला बॉल पायथन घ्या’ : या सल्ल्यात कुठे कुठे खोट आहे

पाळीव प्राण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर बॉल पायथन या बिनविषारी आफ्रिकी सापाबद्दल एक मजकूर फिरत असतो. शब्द बदलतात, गाभा तोच: ‘पिल्लू कशाला, कुणाचा तरी सेकंडहँड बॉल पायथन घ्या. परदेशी जातीचा आहे, वनखात्याचा संबंध नाही. मोठा झालाय म्हणजे मरायची भीती गेली. हाताला सवयीचा आहे. महिन्याला एक उंदीर, बाकी खर्च नाही. पेटी आणि हिटर सोबत फुकट. नाहीच जमलं तर सोडून द्यायचा.’

सेकंडहँड साप घेणं मुळात चूक नाही. कुणी शहर बदलतं, कुणाच्या घरात बाळ येतं, आणि चांगला सांभाळलेला साप नवं घर शोधतो. पण वरच्या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य नाशिकमध्ये घेणाऱ्याला खड्ड्यात घालणारं आहे. एक अर्धं खरं आहे, त्याबद्दल पुढे.

‘परदेशी आहे, वनखात्याचा संबंध नाही.’ मार्च २०२३ पर्यंत असं म्हणायला थोडी तरी जागा होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या प्राण्यांसाठी तिने वेगळी चौथी अनुसूची केली. बॉल पायथन साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून तो आपोआप या अनुसूचीत येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमही आले: असा जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, आणि नव्याने ताब्यात आला असेल तर ३० दिवसांत. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. कायदा मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारूच नका. ‘तुमच्या नावाची नोंदणी दाखवा, आणि हा साप तुमच्याकडे कुठून आला त्याचा कागद दाखवा,’ इथून सुरुवात करा. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘मी स्वखुशीने साप देत आहे’ असं नोटरी करून देणारे भेटतात. त्या कागदाने साप कायदेशीर होत नाही. उलट व्यवहार झाला याचा पुरावा तेवढा तयार होतो. विकणाऱ्याचीच नोंद नसेल तर तुम्ही अर्जात उगम काय लिहिणार? कॉर्न स्नेक हा दुसरा परदेशी पाळीव साप साइट्सच्या यादीत नाही, त्यामुळे ही नोंदणी त्याला लागत नाही. पण तो देशात कसा आला हा प्रश्न तिथेही उरतोच. शंका असेल तर पैसे देण्याआधी नाशिक पश्चिम किंवा पूर्व, जो लागू असेल त्या वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. विचारल्याबद्दल कुणी गुन्हा दाखल करत नाही.

याच मुद्द्याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. ‘पायथन’ म्हणून समोर येणारा प्राणी बॉल पायथन असेलच असं नाही. भारतीय अजगराची पिल्लंही याच नावाने खपवली जातात. अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तिथे शिक्षा किमान तीन, कमाल सात वर्षं. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण असते, अंग लांबसडक. बॉल पायथन आखूड आणि जाडजूड, गडद तपकिरी अंगावर फिकट ठिगळं, आणि घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळून बसतो. मांडूळ, धामण, दिवड, ‘दात काढलेला’ नाग यांतलं काहीही दाखवलं तर तिथूनच परत फिरा. आपल्याकडचे साप विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे, आणि नागाचे काढलेले दात पुन्हा उगवतात. त्याहून वाईट गोंधळ घोणशीचा. मळ्यात सापडलेलं ‘अजगराचं पिल्लू’ कधी कधी घोणस निघतं: पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, मानेपासून वेगळं दिसणारं तिकोनी डोकं, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. मोबाइलवरच्या अंधुक फोटोवरून सौदा करू नये, तो एवढ्यासाठी.

‘मोठा झालाय, मरायची भीती गेली.’ हे ते अर्धं खरं वाक्य. अंड्यातून निघाल्यावरचे पहिले काही महिने नाजूक असतात, मोठा साप ते पार करून आलेला असतो. पण मोठ्या सापाबरोबर त्याच्या आधीच्या घरातली प्रत्येक चूकही तुमच्याकडे येते. बॉल पायथन सहज वीस-तीस वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या मादीने २०२० मध्ये, साठी ओलांडलेली असताना, अंडी घातली. म्हणजे पाच वर्षांचा साप घेतलात तरी पुढची दोन दशकं तुमचीच.

पाहायला जाताना पांढरा टिश्यू पेपर, टॉर्च आणि किचनचा डिजिटल वजनकाटा न्या, आणि दिवसा उजेडी जा. टिश्यू किंचित ओला करून मानेपासून शेपटीपर्यंत हलकेच फिरवा. काळे, हलणारे, मोहरीहून बारीक ठिपके आले तर गोचिडीसारखे माइट्स आहेत. ते हनुवटीखालच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडेलाही बसतात. पाण्याचं भांडंही बघा, तळाशी बुडालेले माइट्स तिथे सापडतात. साप सतत पाण्यात बसून असेल तर कारण बहुधा हेच. मग पोट बघा: तपकिरी, आवळलेले खवले म्हणजे थर्मोस्टॅट (तापमान ठरलेल्या अंशावर राखणारं यंत्र) नसलेल्या हिटिंग पॅडने भाजल्याच्या खुणा. कणा धारदार वर आलेला असेल तर उपासमार, कण्यावर गाठी असतील तर जुनी इजा. तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर, नाकपुडीशी बुडबुडे हा छातीचा संसर्ग. तोंडाच्या कडेने दह्यासारखा पू दिसला तर तोंड सडतंय. डोळ्यावर जुन्या कातीची सुरकुतलेली टोपी उरली असेल तर कात नीट पडत नाही, म्हणजे पेटीत दमटपणा कमी. ती टोपी नखाने ओढू नका, डोळा जातो.

शेवटी सापाला अलगद पाठीवर उलटा करा. निरोगी साप काही क्षणांत सुलटा होतो. न झाला, किंवा मान वर करून ताऱ्यांकडे बघत राहिला, तर थांबा. यामागे दोन कारणं असू शकतात. बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ नावाच्या रंगप्रकारात मान डुलण्याचा जन्मजात दोष असतो. दुसरं कारण इन्क्लुजन बॉडी हा विषाणुजन्य आजार, ज्यावर उपचार नाही. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, त्यामुळे ‘रंगच तसा आहे हो’ हे स्पष्टीकरण पुरेसं नाही. घरात आधीचा साप असेल तर नवा किमान ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळा चिमटा, वेगळं भांडं, आणि काम आधी जुन्याचं, नंतर नव्याचं.

‘हाताला सवयीचा आहे.’ साप माणूस ओळखून माया लावत नाही, तो हाताळणं सहन करतो. हातात दोरीसारखा लोंबणारा, जीभही न काढणारा साप गरीब स्वभावाचा नसतो, बहुधा थंड पडलेला किंवा आजारी असतो. घरी आणल्यावर पहिले सात ते दहा दिवस हात लावू नका, पाहुण्यांना दाखवू नका.

‘महिन्याला एक उंदीर.’ दीड किलोच्या मादीला दर दोन-तीन आठवड्यांनी साधारण ७५ ते १०० ग्रॅमचा उंदीर लागतो, वजनाच्या पाच ते सात टक्के. लहान सापाला आठवड्याला, दहा दिवसांनी. आकड्यापेक्षा महत्त्वाचं, त्याला काय खायची सवय आहे? जिवंत उंदीर सापाला चावतो, डोळा फोडतो. म्हणून गोठवलेला उंदीर चांगला: रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात, अंगाला ३७-३८ अंश येईपर्यंत. मायक्रोवेव्ह नाही, आतून शिजतो आणि फुटतो. लांब चिमट्याने द्यायचा. गोदामातला, कांद्याच्या चाळीतला किंवा द्राक्षबागेतला पकडलेला उंदीर कधीच नाही. त्याच्या पोटात झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडायोलोन हे उंदरांचं विष असेल तर साप गेलाच.

विकणाऱ्याकडे मागायची सर्वांत कामाची गोष्ट हीच: शेवटच्या दहा खाण्यांच्या तारखा आणि वजनं. वही नसेल तर तुमच्यासमोर एकदा खाऊ घालायला सांगा. ‘कालच खाल्लं’ हे उत्तर आलं तर दोन आठवड्यांनी परत जा. बॉल पायथन हिवाळ्यात, विशेषतः नर, महिनोन्‌महिने उपास करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वजन टिकलेलं असेल तर. आणताना वजन लिहून ठेवा. त्यातलं दहा टक्के गेलं की डॉक्टर. आणि डॉक्टर आधी शोधायचा. गावातले बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे, गुरांचे. फोन करून ‘साप तपासता का’ हे स्पष्ट विचारा, नाहीतर ऐन वेळी कसारा घाट उतरून मुंबई गाठावी लागेल.

‘पेटी आणि हिटर फुकट.’ लाकडी पेटी असेल तर तिथेच सोडून या, फटींतली माइट्सची अंडी जात नाहीत. काचेची पेटी आधी साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात कालवून दहा मिनिटं लावून ठेवा, वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन उन्हात वाळवा. विजेवर तापणारा ‘गरम दगड’ असेल तर फेकून द्या. थर्मोस्टॅट घ्यायचा तर नवाच. मोठ्या सापाला पेटी चार फूट बाय दोन फूट तरी हवी.

आणि ‘नाशिकला हिटर कशाला’ ही त्याचीच पोटशाखा. पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्या टोकाला २५-२६, रात्रीही २४ च्या खाली नको. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडला त्याहूनही खाली. १०० वॅटचा सिरॅमिक हिटर रोज १२ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट. रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर, नाहीतर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पेटीबाहेर टेकवून. उलट मार्च ते मेमध्ये हवा इतकी कोरडी की जाळीच्या झाकणाखाली दमटपणा टिकत नाही. तो ५५ ते ७० टक्के हवा, म्हणून झाकणाचा मोठा भाग झाकायचा आणि ओल्या शेवाळाचा एक डबा आत ठेवायचा. ‘ट्रॅव्हल्सने पार्सल पाठवतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. स्वतः जाऊन कापडी पिशवीत आणि ती थर्माकोलच्या खोक्यात ठेवून आणा, उन्हाळ्यात पहाटे.

‘नाही जमलं तर सोडून द्यायचा.’ पांडवलेणीच्या डोंगरात किंवा गोदाकाठी सोडलेला बॉल पायथन पहिल्या थंडीत मरतो, आणि मरेपर्यंत अंगावरचे माइट्स नि विषाणू इथल्या सापांना देऊ शकतो. शिवाय नोंदणीत तो तुमच्याच नावावर आहे, वनविभागाने विचारलं तर साप दाखवावा लागेल. ठेवणं जमेना झालं तर नोंदणीसकट पुढच्या माणसाकडे रीतसर हस्तांतर, नाहीतर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन.