सहा सेकंदांची आई

आज दुपारी बेळगावात वडगावला माहेरी गेले होते. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. भाचीनं साधा फोटो काढायला म्हणून मोबाइल वर केला, तर आईनं सूप बाजूला सारलं आणि पदर ओढून तोंड झाकून घेतलं. म्हणाली, "नको गं बाई, परत कापतील."

परत कापतील! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आपल्याच ओसरीवर नातीला असं म्हणते. हे डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलेय. लांबलं तर लांबू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माहेरच्या परसात कमरेएवढी भिंत आहे. भिंतीपलीकडे अक्का राहतात. चाळीस वर्षं झाली, अक्का कन्नडात बोलतात आणि आई मराठीत उत्तर देते. "ऊटा आतेन्री वैनी?" म्हणजे जेवण झालं का. "झालं की. तुझं?" तो 'वैनी' पण आपलाच, पण अक्कांना विचाराल तर त्या म्हणतील आमचा. अक्का "एन माडाकत्तीरी" म्हणतात, आई "काय करूलालीस" म्हणते. जरा कान देऊन ऐका, दोन्हीची ठेवण एकच आहे, 'करायला लागलीस'. कुणी कुणाकडून उचललं ते भाषावाल्यांनी ठरवावं, भिंतीवर कधी तो प्रश्न आला नाही.

तर गेल्या मे महिन्यात आईनं कैरीचं लोणचं घातलं आणि वाटीभर भिंतीवरून पलीकडे दिलं. अक्कांनी बोट लावून चाखलं आणि मागं उभ्या असलेल्या सुनेला हळूच म्हणाल्या, "उप्पु भाळ आगेती." मीठ जास्त पडलंय. आईनं ऐकलं. म्हणाली, "कन्नडात बोलू नको गं अक्का, मला समदं कळतंय!" आणि दोघी अशा हसल्या की अक्कांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. भाची लोणच्याचं रील करत होती, त्यात हे आपसूक आलं. तिनं टाकलं. दोनशे-सव्वादोनशे जणांनी बघितलं, त्यातले निम्मे आमचेच पाव्हणे.

मग कुणीतरी ते कापलं. "कन्नडात बोलू नको." एवढंच ठेवलं. अक्का गेल्या, "मला समदं कळतंय" गेलं, हसणं गेलं, लोणचं गेलं. खाली ढोल-ताशा, वर जाड अक्षरात 'बेळगावची रणरागिणी'. दोन दिवसांनी तेच सहा सेकंद दुसऱ्या बाजूच्या पेजवर, खाली कन्नड अक्षरात काय काय लिहिलेलं. मला कन्नड वाचता येतं, दुर्दैवानं. लाखांच्या वर गेलं ते. एका बाजूला माझ्या आईच्या आरत्या, दुसऱ्या बाजूला माझ्या आईला शिव्या, आणि दोन्हीकडे माझी आई नव्हतीच!

आता कुणी म्हणेल, लोकच तसले, कुणाला कुठलं रील दाखवायचं ते ठरवणाऱ्या मशीनला कशाला दोष देता. लोक तसले आहेतच. पण दोनशे लोकांपुरतं हसणं आणि लाखाला भांडण हे वाटप कुणी केलं? २०१७ मध्ये याच फेसबुकनं रागाच्या लाल तोंडाला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. मी नाही म्हणत, २०२१ मध्ये त्यांचेच आतले कागद बाहेर आले त्यात होतं. प्रेमाच्या बदामालाही तेवढंच वजन होतं म्हणे, आणि रागाचं पुढे २०२० मध्ये शून्यावर आणलं. आणलं असेल. तीन वर्षांत लोकांना लागलेली सवय कुठल्या शून्यावर आणणार? रील बघताना आपला अंगठा किती वेळ थांबला ते मोजतात. हसण्यावर दोन सेकंद थांबतो, भांडणावर थांबून परत बघतो, खाली जाऊन कमेंटी वाचतो. मशीनला मराठी काय नि कन्नड काय, सारखंच. तिचं लक्ष आपण कुठं थांबलो त्याकडे.

आणि हो, सीमेचं भांडण रीलनं लावलेलं नाही, एवढं मला कळतं. १९५६ पासूनचं आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि मी कुठल्या बाजूची हे माझ्या यादीतल्या कुणाला सांगायची गरज नाही. पण आमच्या भांडणाला तारखा होत्या हो. १ नोव्हेंबरचा काळा दिवस, १७ जानेवारी आणि १ जूनचे हुतात्मा दिन. त्या दिवशी घोषणा द्यायच्या, काळ्या फिती लावायच्या, दुकानं बंद. दुसऱ्या दिवशी खडेबाजारात त्याच कन्नड दुकानदाराकडून ब्लाउजपीस घ्यायचा आणि घासाघीस मराठीत करायची. आता तारीख राहिली नाही. सकाळी दात घासताना भांडण, रात्री उशाशी भांडण. १ नोव्हेंबर रोजच.

भाचीचं सांगते. ती घरात "मी येतो" म्हणते. आमच्याकडे बायका असंच बोलतात, आई बोलते, मीपण घरात "जातो", "येतो"च म्हणते. (म्हणतो!) मूळ रीलमध्ये शेवटी आई "मी येतो गं" म्हणून आत जाते. खाली लगेच कुणीतरी, बाई असून 'येतो' काय, आधी मराठी शिका. आम्हाला मराठी शिकवतायत! ज्या मराठीसाठी इथं माणसांनी गोळ्या खाल्ल्या, ती मराठी यांना अशुद्ध वाटते. बरं, तेव्हापासून पोरगी कॅमेऱ्यासमोर "हाय गाईज, मी आलेय" म्हणते, पुण्याकडच्यासारखं. कॅमेरा बंद झाला की "आज्जी, मी आलो." विनोदी रील असेल तर मात्र मुद्दाम "काय करूलालीस बे" असं ताणून ताणून, कारण आमची बोली हसायला चालते. गंभीर काही सांगायचं तर ती चालत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं? शाळेनं नाही, आम्ही नाही. कुठल्या रीलला किती व्ह्यू आले, त्यावरून शिकली.

कॅप्शन आपोआप येतात ना, त्यात आईचं "समदं कळतंय" काहीतरी भलतंच हिंदी होऊन आलं होतं. मरण, आत्महत्या असले शब्द पोरगी मधे फुली घालून लिहिते. विचारलं तर म्हणाली, "आत्या, नाहीतर रीच पडते." खरंखोटं त्या मशीनलाच ठाऊक. देवाचं नाव घ्यायला घाबरावं तसं पोरं आपल्याच भाषेतल्या शब्दांना घाबरतात.

बरं, सगळंच वाईट असंही नाही. आमच्या ओळखीतला एक पोरगा रीलवर कुंदा दाखवून पुण्या-मुंबईला पार्सल पाठवतो, चार पैसे मिळवतो. मान्य. पुढं.

खरं सांगायचं तर माझाही राग अर्धा माझ्यावरच आहे. आईचा तो कापलेला तुकडा पहिल्यांदा समोर आला तेव्हा ती माझी आई आहे हे कळायच्या आधी एक क्षण मलाही बरं वाटलं होतं. रणरागिणी! मग पदराचा काठ ओळखीचा दिसला. गेल्या दिवाळीला मीच घेतलेली शहापुरी साडी. त्या एका क्षणाची मला आज ओसरीवर लाज वाटली. आईला ते सांगितलेलं नाही.

अक्कांच्या नातवाला कॉलेजात पोरांनी तो व्हिडिओ दाखवला म्हणे, ही तुझी शेजारीण ना. त्या दिवसापासून महिनाभर अक्का भिंतीवर आल्या नाहीत. भांडण नाही, काही नाही. दोघींना नुसतं अवघडलं. चाळीस वर्षांत अवघडलं नव्हतं. मग एक दिवस आल्या, पण आता बोलायच्या आधी दोघी इकडंतिकडं बघतात, पोरीच्या हातात फोन आहे का म्हणून.

आज मी निघताना त्या आल्या होत्या. "ऊटा आतेन्री वैनी?" आई आधी माझ्या हाताकडं बघते. मी पर्स उघडून फोन आत टाकला, चेन लावली. मग म्हणाली, "झालं की."

तो तुकडा तुमच्याकडे आला तर पुढं पाठवू नका, एवढंच मागणं. आणि इथं खाली सीमाप्रश्नावर सुरू होऊ नका, कमेंट काढून टाकेन, भले कुणी जवळचं असलं तरी. फोटो नाही टाकलेला, म्हणजे तीस-चाळीस जणांच्या पलीकडे ही पोस्ट जाणार नाही. नको जाऊ दे.

आणि लोणच्यात मीठ खरंच जास्त झालं होतं.