डिपर कशासाठी असतो?

नाशिकच्या गंगापूर रोडवर पथदिवे लख्ख पेटलेले असताना समोरून येणाऱ्या इतक्या गाड्या अपर लाइट, म्हणजे दूरवर पडणारा उंच झोत, लावूनच का धावतात, हे मला आजवर उमगलेले नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे सरकते, म्हणजे दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद लागले तरी चालक जवळजवळ 50 मीटर आंधळेपणाने कापतो, आणि तेवढ्यात रस्ता ओलांडणारे एखादे म्हातारे माणूस त्याला दिसतच नाही. कसारा घाटातल्या धुक्यात तर हाच झोत परतून लावणाऱ्याच्याच डोळ्यांवर येतो! काल रात्री मी तिघांना डिपर दिला, म्हणजे दिवा खालीवर करून झोत खाली घेण्याची खूण केली. एकानेही प्रकाश खाली केला नाही.