मानक वाचू नये, बोट घालून पाहावे

विजेच्या उपकरणांवर बारीक अक्षरांत आकडे, खुणा, चौकोन छापलेले असतात. त्यांच्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. ही सगळी आयईसी नावाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची करामत. लॉर्ड केल्व्हिन त्याचे पहिले अध्यक्ष, स्थापना १९०६ची, मुक्काम जिनिव्हात. शंभरावर वर्षं ही मंडळी आपल्याला शॉक बसू नये म्हणून बैठका घेताहेत. आपण कधी मागितलं होतं?

फोनच्या खोक्यावर आयपी ६७ दिसलं की थेट पाण्यात उडी मारा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा, असले तपशील वाचत बसलात तर पोहणं राहून जाईल. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही साध्या पाण्यात. समुद्राचं किंवा साबणाचं नाव त्यात नाही, आणि ज्याचं नाव नाही ते चालतं, हा तर आपला जुना न्याय. बुडून वाचलेलं उपकरण पाण्याच्या जोरदार धारेत वाचेलच असंही मानक म्हणत नाही. धारेची चाचणी वेगळी, तिचे अंक पाच आणि सहा. तेव्हा फोन आधी बुडवा, वाचला तर नळाखाली धरा. सातच्या जागी आठ असेल, तर किती खोल आणि किती वेळ हे उत्पादकाने सांगायचं असतं. तो सांगतोही, माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर. ते पान खोक्यातच राहू द्या.

याच मानकात एक बोटही आहे: १२ मिलिमीटर जाड, ८० मिलिमीटर लांब, माणसासारखे सांधे असलेलं. प्रयोगशाळेत ते उपकरणाच्या फटीत घालून बघतात, धोक्याच्या भागापर्यंत पोचतं का. एवढा खटाटोप कशाला? तुमच्याकडे दहा बोटं तयार आहेत, सांध्यांसकट. एखादं गेलं तरी नऊ उरतात.

फ्यूज वारंवार उडतो? चिडका असेल. त्याच्या जागी जाड तार घाला. तार उडत नाही. तिच्याऐवजी वायरिंग जळतं, पण ते भिंतीच्या आत असल्यामुळे बराच वेळ दिसत नाही.

अर्थिंगची पिन बहुतेक प्लगांत इतरांपेक्षा लांब ठेवतात, म्हणजे ती आधी लागते आणि शेवटी सुटते. एवढा मान कुणी सांगितलाय? सॉकेटला दोनच भोकं असतील तर ती सरळ कापून टाका. एकात एक दोन चौकोनांची खूण असलेल्या उपकरणाला दुहेरी इन्सुलेशन असतं, अर्थिंग लागत नाही. तुमच्या उपकरणावर ती खूण नसेल तर पेनने काढा.

अख्ख्या जगाला एकच प्लग हवा म्हणून आयोगाने १९८६मध्ये तसं मानकही काढलं. दक्षिण आफ्रिकेने ते उचललं, ब्राझीलने थोडं बदलून घेतलं, आणि बाकीच्यांनी आपापल्या भिंतींतली भोकं मोजून विषय सोडून दिला. मग तुम्ही एकट्यानेच नियम पाळायचा मक्ता घेतलाय का? अडॅप्टरला अडॅप्टर जोडा, त्याला तिसरा, आणि त्यावर हीटर. हात लावून बघा. अडॅप्टर चटका देत असेल तर हीटर व्यवस्थित चालू आहे.