कपाट कोणतं?

परतवाड्याजवळच्या आमच्या गावचं वाचनालय ड वर्गाचं. तिथे दोन आठवड्यांपासून भांडण चालू आहे: ऐतिहासिक कादंबऱ्या 'इतिहास' लिहिलेल्या कपाटात ठेवायच्या की 'कथा-कादंबरी'च्या? त्यात असुर-राक्षसांच्या नव्या साहसकथांचा एक गठ्ठा आला. त्या पोथ्यांशेजारी ठेवा, असं एक काकाजी म्हणतात. दुसरे म्हणतात, रद्दीत घाला. गावच्या ग्रुपवर पहाटे उठणाऱ्या गुरुजींचा आवाज इथे, स्कॉटलंडमध्ये एडिनबरात, माझ्या फोनवर मध्यरात्री उमटतो: "गोठ खरी हाय का खोटी, येवढंच सांगा ना बावा!"

नेमका हाच प्रश्न चुकीचा आहे. ग्रुपवर मी लिहिलं तर "तुम्ही तिकडे बसून बोलू नका" हे उत्तर तयारच असतं. म्हणून सगळं इथेच लिहिते.

एडिनबरात वेव्हर्ली स्टेशनवर उतरलं की वर कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं स्मारक दिसतं. उंची ६१ मीटर, पायऱ्या २८७. स्टेशनाला नाव दिलंय ते त्याच्या १८१४च्या कादंबरीचं. तिच्यात स्कॉटलंडमधलं १७४५चं बंड खरं आणि नायक रचलेला, पण तिला इतिहासाच्या कपाटात कोंबायला कोणी जात नाही. जॉर्ज चौथा पूल ओलांडताना लागणाऱ्या ग्रंथालयात ती 'एस'खाली कथाविभागात असते आणि ग्रंथपालाला कोणी व्हॉइस मेसेज पाठवत नाही. स्कॉटने पुढे आपल्या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्तीत स्वतःच टिपा जोडल्या: हे खरं घडलेलं, ही दंतकथा, हे माझं. आमच्याकडे रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, म्हणजे १८७१पासून ऐतिहासिक कादंबरी आहे. तरी शेवटी चार पानांची अशी टीप द्यायचा कंटाळा. मग वाचक रचलेले संवाद भाषणात पुरावा म्हणून फेकतात, आणि ठपका येतो कल्पनेवर.

लेखकाने रचावं, भरपूर रचावं. माझी तक्रार वेगळी आहे: त्याला वजन आणि अंतर कळत नाही.

गाविलगड घ्या, मेळघाटच्या डोंगरातला नागपूरकर भोसल्यांचा किल्ला. गावातून मेळघाटाची रांग दिसते, आणि त्या गडावरच्या एकाही दणकट मराठी कादंबरीचं नाव मला कोणी सांगू शकलेलं नाही. १८०३च्या डिसेंबरात इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दक्षिणेकडून आला, पण ती बाजू कड्यांची. खरा घाव उत्तरेकडून, लबाडा गावाच्या अंगाने घालायचा होता. त्याच्या कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी ७ तारखेला अचलपुराहून निघाली ती १२ तारखेपर्यंत डोंगरातच. १८ पौंडी तोफेची नुसती नळी दोन टनांच्या घरात असते. आधी सैनिकांनी रस्ता फोडायचा, मग त्यावरून तोफा ओढायच्या, आणि जवळजवळ सगळी वाट त्या माणसांनी हाताने ओढल्या. आमचा कादंबरीकार हे "तोफा गडाखाली आणल्या" या एका ओळीत उरकतो. अहो, कादंबरी त्या ओळीतच आहे! चढाला दोर पुढे लागतात, उताराला मागे. चाकाखाली दगड सारणारा माणूस हवा, आणि त्याचा दगड निसटला की मागच्यांचं काय होतं तेही हवं.

भिंतीचंही तसंच. "गोळा लागला, बुरूज कोसळला" असं होत नाही. खिंडार पाडायचं तर मारा खालच्या बाजूला धरतात, दगडांची एक ओळ कापत नेतात, मग वरचा भाग आपल्याच वजनाने खाली सरकतो आणि त्या ढिगाचा चढ होतो. चढता येईल असा उतार पडला तरच ते खिंडार, नाहीतर नुसतं भोक. १५ तारखेला बाहेरच्या कोटाच्या खिंडारातून लोक आत शिरले, तर पुढे दरी आणि पलीकडे आतला कोट, दार बंद. तेव्हा ९४व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून भिंत चढला आणि त्याने आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग मारला गेला.

ती ९४वी म्हणजे स्कॉच ब्रिगेड. मी जिथे किराणा आणते तिथली माणसं माझ्या गावच्या डोंगरावर शिडी लावून गेली होती. आणि या लढाईवर कादंबरी लिहिली ती बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाने. भिंत चढवली आपल्या कल्पित नायकाला. पण शेवटच्या टिपणात कबुली दिली की हा मान खरा कॅम्पबेलचा. खोटं बोलला आणि पावतीही दिली! गुरुजी, एवढंच मागणं आहे हो.

राक्षसांच्या गठ्ठ्याबद्दलही तेच. फँटसी म्हणजे पोरखेळ, असं म्हणणाऱ्या काकाजींनी भागवत उघडावं. रुक्मिणीचं कौंडिण्यपूर ते कृष्णाची द्वारका, हजार किलोमीटरच्या घरात. साधा रथ दिवसाला चाळीस-पन्नास चालला तर तीन आठवडे. भागवतात कृष्ण एका रात्रीत विदर्भात पोहोचतो, पण तो रथ कोणी जुंपला, ते दारुकाच्या नावासकट सांगून. घोड्यांचीही नावं आहेत: शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक. हे असले घोडे आहेत हे वाचकाच्या मनात आधी बसतं, मग ते उडाले तरी खुपत नाही. आमच्या नव्या लेखकांचा घोडा पहिल्या प्रकरणात थकतो आणि नवव्यात कारण न देता विजेसारखा धावतो. लोणारचं सरोवर ज्याच्या रक्ताचं मानतात तो लवणासुर आणा, जरूर आणा. पण तिथलं पाणी मुळात खारं-क्षारी, त्यात मासा टिकत नसे, हे ध्यानात ठेवून आणा. त्याच्या रक्ताचा नियम तिथूनच निघेल.

आणि वाकाटकांच्या, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी विदर्भावर राज्य करणाऱ्या घराण्याच्या, स्वयंपाकघरात मिरची नको. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो हे सगळं अमेरिकेतून, सोळाव्या शतकापासून पुढे आलेलं. तूर, तीळ, जवस चालेल.

आता इकडचं तेवढं चांगलं आणि तिकडचं वाईट, असं मी म्हणतेय खरं. पण १८२२ला राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला तेव्हा त्याला टार्टन, म्हणजे इथलं चौकड्यांचं कापड, नेसवण्याचा घाट याच स्कॉटने घातला, आणि आज किल्ल्याजवळच्या दुकानांत प्रत्येक आडनावाचं 'प्राचीन' कापड मिळतं. कादंबरीकाराने टिपा दिल्या, तरी देशाने सोयीची तेवढीच गोष्ट घातली अंगावर. हे ग्रुपवर लिहायला नको.

मला कोणी कादंबरी लिहायला सांगितली तर मी प्रभावतीगुप्ताची लिहीन. गुप्तांची लेक, दुसऱ्या चंद्रगुप्ताची. वाकाटकांकडे दिलेली, नवरा गेल्यावर मुलांच्या नावाने राज्य चालवणारी. तिचा पुणे ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून निघालेला आहे. त्यात वंशावळ सासरच्या वाकाटकांची नाही, माहेरच्या गुप्तांची आहे. गोत्रही वडिलांचं, धारण. तांब्यावर कोरणाऱ्याने विचारलं असेल का, "बाईसाहेब, असंच लिहू?" इथपासून पुढचं सगळं रचावं लागेल.

वाचनालयाची वर्गणी मी दर वर्षी इथून भरते. पुस्तक एकही नेत नाही. यादीत माझं नाव अजून माहेरच्या आडनावाने आहे. कारकुनाने दोनदा विचारलं, बदलू का. मी उत्तर दिलेलं नाही.