थंडीभर गप्प, आता बाग उद्याच हवी!

थंडी सरली रे सरली की फोन सुरू. "शनिवारी पाहुणे येणार आहेत, तोवर बाग तयार करून द्या." अहो, एवढे महिने कुठे होतात? थंडीत मी विचारलं तेव्हा म्हणालात, "बघू नंतर." आता सगळ्यांचंच 'नंतर' एकाच आठवड्यात!

माती अजून ओलीगच्च आहे. मुठीत दाबली की गोळा होतो आणि बोटाने टोचला तरी फुटत नाही. अशा मातीत फावडं घालायचं नसतं. ती दबते, आतली हवा जाते, मग मुळं गुदमरतात. हे समजावलं की उत्तर ठरलेलं: "शेजारच्यांचं तर काम सुरूही झालं." मग बोलवा ना त्यांच्याच माळ्याला!

लॉनचं बी उगवायलाच जातीप्रमाणे १ ते ३ आठवडे लागतात, यांना तिसऱ्या दिवशी हिरवळ हवी. वसंतात फुलणारी झुडपं आत्ताच छाटा म्हणे. गेल्या वर्षीच्या फांद्यांवर कळ्या धरल्यात, त्या कापल्यावर फुलं येणार कुठून? आणि फुलं आली नाहीत की बिल अडवायला हेच पुढे! मल्चचा, म्हणजे मातीवर पसरायच्या पालापाचोळ्यासारख्या आच्छादनाचा, ढीग थेट बुंध्याला टेकवून हवा. अहो, साल कुजते! ५ ते ८ सेंटिमीटरचा थर पुरे, तोही खोडापासून लांब.

वर आग्रह काय, तर माणसं रात्री उशिरापर्यंत थांबवा. दिवसभर वाकून राबलेली माणसं आहेत ती. नाही थांबवणार. ज्यांनी आधी सांगितलं त्यांचं काम आधी होईल, आणि माती सुकल्याशिवाय कुणाच्याच बागेत फावडं पडणार नाही.