आळंदीपर्यंत पोचायचं कसं, हे कुणी विचारतं का?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत आला. गेल्या वर्षीचा असावा. रेल्वेचा आरक्षित डबा, बाकांमधल्या वाटेत नऊवारीतल्या चार-पाच बायका बसलेल्या, एकीच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं तुळशीवृंदावन. वर लिहिलेलं, ‘वारीच्या नावाखाली फुकटेगिरी’. खाली हसणारे चेहरे. आणि एका चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसाची प्रतिक्रिया : ‘एवढी भक्ती आहे तर गावाहून थेट पंढरपूर गाठावं, पुण्याला कशाला येतात गर्दी करायला?’

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. तिथं उत्तर दिलं असतं तर तोंडातून वाईट शब्द गेले असते, म्हणून इथं लिहितोय. इथं ज्यांच्या घरात माळ आहे, ज्यांच्या घरून कुणी ना कुणी दरवर्षी पायी जातं, अशीच माणसं जास्त आहेत. वारी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

माझी आई गंगाखेड तालुक्यातली. जनाबाईंचं गंगाखेड. तिच्या गावची दिंडी आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात चालते, कैक पिढ्या. आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. गंगाखेडहून पुण्याला येणारी रेल्वे परळी, लातूर, धाराशिव, बार्शी करत कुर्डुवाडीला लागते. कुर्डुवाडीहून पंढरपूर जेमतेम पन्नासेक किलोमीटर. ही माणसं तिथं उतरत नाहीत. विठ्ठलाला शेजारून ओलांडून दौंड, पुणे, आळंदी गाठतात आणि मग तिथून अडीचशे किलोमीटर चालत परत त्याच्याकडं येतात.

एका वर्षी मी आईच्या दिंडीबरोबर त्या गाडीत होतो. जनरल डबा. पाय ठेवायला जागा नाही. टाळांच्या पिशव्या, पखवाज, पडश्या, आणि मधेच कुणाचं तरी झोपलेलं पोर. आमच्या दिंडीत वीणा खाली टेकवत नाहीत. विणेकरी काका दाराजवळ वीणा गळ्यात घेऊन उभे. पाय भरून आले की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, थोडं टेकायचं, पुन्हा घ्यायची. रात्री उशिरा कुर्डुवाडी आली. गाडी थांबली तशा सगळ्या बायका जागच्या जागी उठल्या आणि पंढरपूरच्या दिशेनं हात जोडले. कॉलेजातला एक मुलगा आईला म्हणाला, ‘मावशी, पंढरपूरला जायचंय ना? मग इथंच उतरा की.’ आई म्हणाली, ‘आरं बाळा, माउलीला आणायला चाल्लोत आम्ही. तिला सोडून म्होरं कसं जावं?’

त्या मुलाला कळलं. त्यानं उठून तिला बसायला जागा दिली. ग्रुपवरच्या माणसाला हे कधी कळणार?

आता तिकिटाचं बोलू, कारण ‘फुकटे’ हा शब्द मला सहन होत नाही. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानाला पोचायचं असेल, तर चैत्र-वैशाखात नावं नक्की करायची. शेतकऱ्याला चैत्रात काय माहीत असतं? मृगाचा पाऊस पडेल की नाही, पेरणी आटोपेल की नाही, बियाण्याला उचल मिळेल की नाही, सून बाळंत होईल की थांबेल. त्यात तिथी दरवर्षी सरकणार. २०२३ ला आळंदीचं प्रस्थान ११ जूनला होतं, २०२४ ला २९ जूनला, २०२५ ला १९ जूनला. २०२३ ला तर पाऊसच लांबला होता. कितीतरी माणसं पेरणी पोरांवर टाकून आली. असा माणूस साठ दिवस आधी हो म्हणेल तरी कसा?

मग म्हणतात, तात्काळ काढा. आदल्या दिवशी ११ वाजता स्लीपरचं उघडणार, एका तिकिटावर चारच नावं, ऑनलाइन काढायचं तर रेल्वेच्या साइटवर आधार जोडलेलं खातं पाहिजे. पन्नास-साठ माणसांची दिंडी, त्यात निम्म्याहून जास्त साठीच्या पुढच्या बायका. एकत्र तिकिटांसाठी अर्ज करायची सोय आहे, मान्य. पण तीसुद्धा शहरात बसून फोनाफोनी करणाऱ्या माणसाला जमणारी. ज्येष्ठांना भाड्यात सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. उरतो जनरल डबा. आणि जनरल डब्यात दारातूनसुद्धा शिरता आलं नाही की म्हातारी बाई समोर दिसेल त्या डब्यात चढते, कारण तिची माणसं गाडीत आहेत आणि गाडी सुटतेय. हातात तिकीट असतं तिच्या. जनरलचं असतं, पण असतं.

ज्यानं पैसे भरून आरक्षण केलंय त्याची गैरसोय होते, हेही खरं. त्याच्यावर माझा राग नाही. पण चित्रीकरण करून हसणाऱ्यावर आहे.

एसटीबद्दल मात्र चांगलं बोललंच पाहिजे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत, बायकांना अर्धं तिकीट, यानं खेड्यातल्या बाईचं घराबाहेर पडणं सोपं झालं. आईच्या दिंडीतल्या कितीजणी आता एसटीनं तुकड्या-तुकड्यानं येतात, गंगाखेडहून परळी, परळीहून बीड, बीडहून अहिल्यानगर, तिथून पुणे. प्रत्येक स्टँडवर धावपळ, प्रत्येक गाडीत पडशी वर टाकायची कुणाला तरी विनंती. थेट गाडी सापडली तर देव पावला. पुण्यात उतरल्यावर आळंदीला पीएमपीच्या जादा गाड्या असतात, तेवढं शेवटचं अंतर सुखाचं.

आणि मग एकादशी जवळ आली की सगळ्यांना वारकरी आठवतो. २०२५ ला एसटीनं आषाढीसाठी ५,२०० जादा गाड्या जाहीर केल्या. चाळीस जण जमले तर गावातून थेट पंढरपूरला गाडी मिळणार. नागपूर, अमरावतीहून रेल्वेच्या विशेष गाड्या. फार चांगलं काम आहे, जोरात चालू दे. पण या सगळ्या गाड्या पोचायच्या ठिकाणाला जातात. निघायच्या ठिकाणाला कोण नेणार? ज्याला अडीचशे किलोमीटर चालायचंय, दिवे घाट चढायचाय, पालखीतळावर पावसात तंबूत झोपायचंय, तो पायरीवर पाऊल ठेवायच्या आधीच रात्रभर एका पायावर उभा राहून दमून येतो. माझ्या आईच्या गुडघ्यांनी वारी कधी तक्रार न करता केली. त्रास झाला तो त्या डब्यातल्या रात्रीचा. पुण्यात उतरली तेव्हा पावलं सुजली होती, आणि चालणं अजून सुरूही व्हायचं होतं.

कर्नाटकातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व माउलींसाठी आळंदीपर्यंत चालत येतात. गावोगाव त्यांचं स्वागत होतं, पेपरात फोटो येतात. यायलाच हवेत, तो मान माउलींचा आहे. आज ज्या शिस्तीत हा सोहळा चालतो ती घालून दिली आरफळच्या हैबतबाबांनी, आणि आरफळ आहे सातारा जिल्ह्यात. म्हणजे लांबून आळंदीला येणाऱ्या माणसांवरच हा सोहळा उभा राहिला. मग गंगाखेड, जिंतूर, सेलू, औंढ्याहून येणारी बाई कुणाच्या मोजणीतच का नसावी?

‘मग गावातूनच चालत जा’ असंही कुणीतरी म्हणेल. जाणारे जातात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी येते, मुक्ताईनगरहून मुक्ताईंची येते, कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची येते, गंगाखेडहून जनाबाईंचीही निघते. सगळ्यांना दंडवत. पण ज्या घराची जागा माउलींच्या रथामागं आहे, त्या घरानं ती सोडायची कशी? आईच्या सासूनं तिला तिथं चालायला शिकवलं. पहाटेच्या काकड्याला कुणाच्या शेजारी उभं राहायचं, सासवडला कुणाच्या अंगणात पीठ मळायचं, वाखरीच्या रिंगणात कुठं बसायचं, हे सगळं तिथलं. शेजारच्या दिंडीतल्या एका ताईंशी तिची वर्षातून तेवढीच भेट. अशी जागा दुसरीकडं नेऊन लावता येत नाही.

लिहिता लिहिता राग ओसरला थोडा. त्या डब्यातलं आठवलं ना, दौंड गेल्यावर पहाटे कुणीतरी हळूच ‘रूप पाहता लोचनी’ सुरू केलं. आधी दोघी, मग दारापर्यंत सगळा डबा. तो कॉलेजातला मुलगाही. चेंगरलेल्या, झोप न झालेल्या माणसांच्या तोंडून तो अभंग ऐकलाय मी. म्हणूनच माझं मागणं जास्त मोठं नाही. आषाढीला चाळीस जण जमल्यावर गावातून थेट पंढरपूरची गाडी मिळते ना, तशीच प्रस्थानाच्या आधीचे चार दिवस आळंदी आणि देहूसाठी द्या. मराठवाडा आणि विदर्भातून पुण्याला एखाद-दुसरी पूर्ण अनारक्षित गाडी त्याच दिवसांत सोडा. तिकीट काढायला कुणाची ना नाही, एकदा खिडकी उघडी ठेवून तर बघा.

मी एसटीच्या आगाराला आणि रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला असे दोन अर्ज लिहितोय. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीडकडच्या ज्यांच्या गावची दिंडी माउलींच्या किंवा तुकोबांच्या सोहळ्यात आहे, त्यांनी गावाचं नाव आणि अंदाजे माणसं खाली लिहा, अर्जाला जोडतो. फोन नंबर इथं टाकू नका, मेसेज करा. आगारात किंवा स्टेशनात ज्यांनी असा सामूहिक अर्ज आधी दिलाय, त्यांनी तो कुणाच्या नावे द्यायचा आणि किती दिवस आधी, तेवढं सांगा. आमच्या दिंडीचा आकडा विणेकरी काका पहिल्या पावसानंतर कळवणार आहेत.